चौऱ्याण्णव टक्के

अडतीसचे चौऱ्याण्णव कसे झाले, तेवढं स्मृतीला आज दुपारपर्यंत शोधून काढायचं होतं. उद्या सोमवारी ट्रस्टची बैठक. अहवालाची सगळी पानं तयार होती, एकच रकाना कोरा होता : 'काय बदललं?' तिथं जे लिहिलं जाईल ते ट्रस्टच्या आणखी पाच कॉलेजांत राबवायचं ठरलं होतं. म्हणून बंगळुरातल्या सर्जापूर रोडवरच्या घरातली रविवारची झोप मोडून ती सकाळी नऊलाच बसवनगुडीत येऊन कृष्णात सरांच्या वर्गात शेवटच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसली होती.

हे संध्याकाळचं कॉलेज. दिवसभर नोकरी करणारी मुलं इथं पदवीसाठी येतात आणि निम्मी इंग्रजीत आपटतात. त्यांच्यासाठी सर बारा वर्षं रविवारचा जादा वर्ग घेत होते. माणूस निपाणीकडचा. इंग्रजी शिकवायचे कन्नडातून आणि चिडायचे मराठीतून.

गेल्या वर्षी ट्रस्टला आकडेवारीचं वेड लागलं आणि स्मृतीच्या कंपनीला बोलावणं गेलं. तिनं चार दिवसांत तक्ता मांडला. रविवारच्या वर्गाला बसणारी अडतीस टक्के मुलं पास, न बसणारी एकाहत्तर टक्के. अध्यक्ष शंभूराज अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला.

"म्हणजे वर्गात बसून पोरं उलट बिघडतात की काय? स्वल्प, जरा समजावून सांगा की."

कृष्णात सर एवढंच म्हणाले, "दवाखान्यात घरापेक्षा जास्त माणसं मरतात. म्हणून दवाखान्याला कुलूप लावता काय?"

सगळे हसले. स्मृतीही हसली आणि पुढच्या स्लाइडवर गेली. ठराव झाला : एका वर्षात साठ टक्के, नाहीतर वर्ग बंद. साठ हा आकडा तिनंच सुचवला होता. का साठ, ते कुणी विचारलं नाही. गोल आकड्याला कोण कशाला विचारतंय!

आणि वर्षभरात चौऱ्याण्णव. आपल्या तक्त्यानं एका वर्गाचं भलं केलं, हे स्मृतीनं दोन-तीन ठिकाणी बोलूनही दाखवलं होतं.

आता ती डोळ्यांत तेल घालून बघत होती. नवीन ॲप नव्हतं. प्रोजेक्टर नव्हता. झेरॉक्स काढकाढून पुसट झालेल्या त्याच जुन्या नोट्स. सर फळ्यावर रजेचा अर्ज लिहीत होते आणि त्यांचं लिहून होण्याआधीच पुढच्या दोन रांगांचा अर्ज संपला होता. प्रश्न विचारला की हात भराभर वर. सर एकदाही चिडले नाहीत. स्मृतीनं टिपलं : 'मुलांचा प्रतिसाद उत्तम.' पण हे कारण झालं नाही, हे तिलाही कळत होतं.

तेवढ्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. अंगात कारखान्याचा निळा कोट, गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव यल्लव्वा.

"सर, आत येऊ?"

सर खडू हातात घेऊनच दाराशी गेले. "यल्लव्वा, तुला फोनवर सांगितलं होतं ना. जागा भरल्यात."

"बोम्मसंद्र्याहून दोन बस बदलून आल्ये, सर. इंग्लिशचा शेवटचा चान्स हाय. हा गेला तर घरचे कॉलेज सोडवणार." ती घुटमळली. "गेल्या साली तुम्हीच गेटवर आलता की मला बोलवायला. शिफ्ट सुटंपर्यंत उभे होता."

"पुढच्या वर्षी बघू," सर म्हणाले. तिच्याकडे न बघता म्हणाले.

मुलगी "बरं सर" म्हणाली आणि जिना उतरून गेली.

स्मृतीनं बाकं मोजली. चाळीस जागा, चोवीस मुलं. तास संपेपर्यंत ती कशीबशी थांबली. वर्ग रिकामा झाल्यावर तिनं विचारलं, "सर, सोळा सीट्स रिकाम्या आहेत. तिला का नाही घेतलं?"

सर फळा पुसत राहिले. "ती हुशार नाही, मॅडम. चिवट आहे. मन लावून बसली तर चाळिसाच्या आसपास येते. कधी पास होईल, कधी दोन मार्कांनी जाईल. तसल्या पंधरा-सोळा घेतल्या की तुमचे साठ टक्के होत नाहीत."

"पण मग ही मुलं कोणती?"

स्मृतीनं लॅपटॉपवर यादी उघडली. वर्गात येण्याआधीचे इंग्रजीतले मार्क, हा रकाना तिच्याकडे पहिल्यापासून होता. गेल्या वर्षीही होता. तिनं तो कधी तपासला नव्हता, कारण कुणी मागितला नव्हता. तिनं चोवीस नावांवरून बोट खाली आणलं. सगळ्यात कमी मार्क होते अडुसष्ट. चौऱ्याण्णव टक्केवाल्या आधीच्या तुकडीतही तसंच.

तिला राग आला. आधी सरांचा आला. मग दोन मार्कांनी जाणाऱ्या मुलीचा निळा कोट डोळ्यांपुढे आला आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"सर, हे तुम्ही सांगायचं होतंत. उद्या मी हाच वर्ग पाच कॉलेजांना आदर्श म्हणून दाखवणार होते!"

कृष्णात सरांनी हात झटकले, पिशवी खांद्याला लावली.

"इथल्या एकाही पोराला ह्या वर्गाची गरज नाही, मॅडम. म्हणून तर वर्ग चालू आहे."