कसूर गाठीचा

सूर्यभान धाकट्या भावाच्या खाटेवर बसून हमसून हमसून रडत होता. अकरा वर्षांनी तो या घरात पाऊल टाकत होता.

“चंद्रभान, माफ कर रे मला. तुझ्या डोक्यात गाठ हाय, हे मला काय माहीत? मी आपला तुला स्वभावानंच नालायक समजत होतो. तुझा काई कसूर न्हाई.”

चंद्रभाननं डोळे मिटले आणि मोठ्या मनानं माफ केलं.

अकरा वर्षांपूर्वी सूर्यभानच्या पोरीच्या लग्नपत्रिकेत चंद्रभानचं नाव सहाव्या नंबरवर छापलं गेलं होतं. त्यानं भर पंगतीत बुंदीची परात उलटी केली आणि व्याह्याच्या कोऱ्या फेट्यावर वरण ओतलं. तेव्हापासून बोलणं बंद. गावात चंद्रभानशी बोलणं बंद असलेली घरं एकूण एकोणीस. अख्ख्या झरी गावात एवढी शिल्लक दुसऱ्या कुणाकडं नव्हती.

मग मागच्या महिन्यात तो मोटारसायकलवरून पडला. परभणीच्या डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय काढला. पडल्याचा मार किरकोळ निघाला, पण मेंदूच्या दोन भागांच्या मधोमध बोराएवढी पांढरीफेक गाठ दिसली. चरबीची.

डॉक्टरांनी चंद्रभानला एकट्याला आत बोलावलं. “अशी गाठ क्वचित कुणाला असते. जन्मापासूनची आहे. तुम्ही पडलात म्हणून सापडली, नाहीतर कळलंही नसतं. हिला काही करायचं नाही.”

“माझं डोकं गरम होतं, ते हिच्यामुळंच असंल?”

“छे हो. रागाचा आणि हिचा काही संबंध नाही.”

चंद्रभान बाहेर आला. बाकावर त्याची बायको धुरपताबाई जीव मुठीत धरून बसली होती. “डोक्यात गाठ हाय,” तो म्हणाला. “तीच माझं डोकं फिरवती.”

एवढं एकच वाक्य. बाकीचं काम गावानं केलं.

एकोणीसच्या एकोणीस घरं बिस्किटाचे पुडे घेऊन भेटायला आली. एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून सगळ्यांनी पाहिली. काहींनी उलटी धरून पाहिली, तरी त्यांनाही पटलं. ज्यांच्या धोतराला चंद्रभाननं मारुतीच्या पारावर हात घातला होता ते म्हातारे गुरुजी म्हणाले, “तो हात तुझा नव्हताच बाबा. तो गाठीचा.”

चंद्रभानला गाठ चांगलीच मानवली. फिल्म पिशवीत घालून तो फिरू लागला. पिठाच्या गिरणीवर रांग मोडायची, फिल्म दाखवायची. मानवतच्या एसटीत त्यानं कंडक्टरला आईवरून शिवी दिली आणि फिल्म दाखवली. कंडक्टरनं उठून स्वतःची जागा दिली.

हे बघून सरपंच हरिओमलाही मोह आवरला नाही. तोही परभणीला जाऊन डोकं तपासून आला. रिपोर्ट एकदम स्वच्छ. त्याच्या बायकोनं, गीताबाईनं, तो दोनदा वाचला आणि विचारलं, “गाठ न्हाई? मग इतकी वर्षं तुमी असं वागायलात ते कशामुळं?” त्या घरात अजून एकाच वेळचा स्वयंपाक होतो.

चंद्रभानचं मात्र झकास चाललं होतं. पण सूर्यभानच्या मायेला भरतं आलेलं. भावाच्या डोक्यातली ही पीडा आता काढूनच टाकायची, असं त्यानं ठरवलं. क्रूझर जीप ठरवली, भाऊ, भावजय आणि गावातली आठ माणसं आत कोंबली, आणि सगळी वरात डॉक्टरांच्या टेबलासमोर उभी केली.

“काढायची?” डॉक्टर बघतच राहिले. “अहो, यांना मी त्याच दिवशी सांगितलंय की ही गाठ...”

चंद्रभानला एकोणीस दारं धाडधाड बंद होताना ऐकू आली. सूर्यभानचा हात त्याच्या खांद्यावर होता. अकरा वर्षं तो हात तिथं नव्हता, आणि तो नसल्याचं खुपतं, हे चंद्रभाननं कुणाला कधी कळू दिलं नव्हतं.

“काढा, साहेब!” तो ओरडला. “आजच्या आज काढा!”

“ऐकून तरी घ्या. तिच्यातून रक्तवाहिन्या जातात, नसा जातात. हात लावला तर बोलणं जाईल, चालणं जाईल. गरज नसताना कुणी...”

“चालणं गेलं तर जाऊ द्या! तुमी बोलत बसू नका, काढा!”

“बघा माझ्या भावाचं काळीज,” सूर्यभान डोळे पुसत आठ जणांना म्हणाला. आठ जणांनी माना हलवल्या. एकानं चंद्रभानच्या पायाला हात लावला.

डॉक्टरांनी हात टेकले. मग त्यांची नजर कोपऱ्यात उभ्या असलेल्या धुरपताबाईवर गेली. “बाई, तुम्ही सांगा. काढायची का?”

चाळीस वर्षांच्या संसारात तिचं मत कुणी विचारायची ही पहिलीच वेळ. तिनं पदर सारखा केला आणि नवऱ्याकडं पाहिलं. तो छाती पुढं काढून बसला होता, पण टेबलाखाली फिल्मची पिशवी दोन्ही हातांनी गच्च आवळून धरली होती.

“राहू द्या, डॉक्टरसाहेब,” ती म्हणाली. “गाठ निघाली, तर उद्यापासनं ह्यांना नीट वागावं लागंल. ह्या वयात एवढं मोठं ऑपरेशन ह्यांना सोसायचं न्हाई.”