समासातली पेन्सिल

"ही मंदाची पुस्तकं. उद्या वाचनालयात देऊन येतो," दुपारचा चहा शरयूसमोर ठेवत रघुवीर म्हणाले. मंदाला जाऊन काही वर्षं झाली होती आणि साठी उलटल्यावर शरयू नुकतीच लग्न होऊन या घरात आली होती. पहिल्या बायकोचं कपाट हिच्या डोळ्यांत खुपेल, म्हणून त्यांनी ते सकाळीच रिकामं केलं होतं. पुस्तकांच्या पिशवीवरचा त्यांचा हात मात्र निघत नव्हता.

शरयूने वरचीच कादंबरी उघडली. नायिका सासरचा छळ सोसत होती आणि समासात मंदाने पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘आता तरी घर सोड गं बाई!’ पुढच्या पानावर, ‘नाहीच सोडलं. कठीण आहे हिचं!’

शरयू इतकी हसली की चहा बशीत सांडला.

"ती अशीच भांडायची पुस्तकांशी," रघुवीर ओशाळून म्हणाले. "राहू दे, चहा गार होतोय."

"होऊ दे. आधी ही सगळी परत कपाटात लावा पाहू. आणि अहो, एक पेन्सिल द्या."

मंदाच्या ओळीखाली तिने सावकाश लिहिलं, ‘मंदाताई, शेवट सांगू नका हं. मी अजून वाचतेय.’