धारणीच्या जागेचा मेल

“टाक ना बाई आधार नंबर, काहून अडून राहिली?” किशोर गावंडेने संगणकाचा पडदा शकुनकडे वळवला.

शकुनने उभ्यानेच मेल वाचला. ‘प्रिय उमेदवार, आपली निवड झाली आहे. दोन तासांत खालील लिंकवर आधार क्रमांक व ओटीपी भरावा, अन्यथा निवड रद्द समजावी.’

धारणीच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा होती. मुलाखत होऊन दोन महिने झाले, तेव्हापासून ती एक दिवसाआड बार्शीटाकळीतल्या किशोरच्या या ऑनलाइन अर्जांच्या दुकानात विचारायला येत होती. गावातल्या निम्म्या लोकांसारखा तिचाही ईमेल किशोरनेच काढून दिलेला, पासवर्ड त्याच्या वहीत. पुढच्या भरतीत तिचं वय बसणार नव्हतं.

“हा मेल खोटा आहे,” ती म्हणाली.

“आली मोठी साहेबीण. तुले काय समजते त्यातलं?”

“पत्ता पाहा. हापिसाचा नाही, भलत्याच कोणाचा आहे. माझं नावही नाही, नुसतं प्रिय उमेदवार. वरून दोन तासांची घाई. अन् ओटीपी कोणतं हापिस मागते, किशोरभाऊ?”

“नोकरी गेली तं माझ्या दारात रडाले येऊ नको.”

“तुमच्या दारात रडाले मले फुरसत नाही.”

सातबारा काढायला बसलेले नत्थुजी फिसकन हसले. किशोरने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते चष्मा पुसायला लागले.

आज गुरुवार, उपासाचं तोंड विटाळायचं नाही, म्हणून शकुनने पुढचे शब्द गिळले. पिशवीतून छापील जाहिरात काढली आणि तिच्यावरचा अमरावतीच्या हापिसाचा नंबर लावायला घेतला.

“तिथं कोणी उचलत नाही. मी चारदा लावला,” किशोर म्हणाला.

“पाचव्यांदा मी लावते.”

दुसऱ्याच घंटीला कारकून बोलला. तिने मेल वाचून दाखवला.

“बरं केलं विचारलं, ताई. आमी असे मेल पाठवत नाही. लिंक उघडू नका.”

शकुनने फोन स्पीकरवर टाकला. “आता तुमीच ऐका, भाऊ.”

“बंद कर तो. गिऱ्हाइकं बसली आहेत.”

“बसू द्या. त्यायलेही कळू द्या, कोणाले काय समजते ते.” मग तिने आवाज मऊ केला. “साहेब, खरं पत्र कधी येईल?”

कारकुनाने नाव आणि अर्जाचा नंबर विचारला. थोडा वेळ नुसती बटणांची टकटक ऐकू आली. किशोर उठून फोनकडे हात पुढे करत होता. तिने फोन छातीशी धरला.

“पत्र तीन आठवड्यांआधीच ईमेलवर पाठवलं, ताई. तुमचा नकारही आला, तुमच्याच ईमेलवरून. घरच्या अडचणीमुळे रुजू होता येत नाही, असं लिहिलंय. मग यादीतल्या पुढच्या बाईले बोलावलं, त्या परवाच धारणीले रुजू झाल्या. आचल किशोर गावंडे.”