पुढच्या वर्षीसाठी

सजावट उतरवून ती सकाळपासून खोकी भरत होती. घडीभर बसली नव्हती. चहा दोनदा गार झाला. प्रत्येक खोक्यावर ती मार्करने लिहीत होती: ‘निळ्या दिव्यांची माळ. आधी लावून बघ, मग टांग. कात्री ओट्याखालच्या खणात. स्टूल डुगडुगतं, भिंतीला टेकव.’

“माळ्यावर टाकायच्या खोक्यावर केवढं हे पुराण,” नवरा सोफ्यावरून म्हणाला.

“शोधाशोध नको व्हायला.”

“तुला कसली शोधाशोध? दरवर्षी तूच तर काढतेस. मी कधी हात तरी लावलाय का?”

तिने उरलेली टेप शेवटच्या खोक्याला लावली. त्यात तिचे कपडे होते. त्यावर काहीच न लिहिता तिने ते उचलून दाराशी नेऊन ठेवलं.