शिऱ्याची वेळ

वृंदाताईंच्या मनगटावरचा पट्टा पुन्हा लाल झाला. दवाखान्यात पेशंटला कसं वाटतंय हे आता कुणी विचारत नसे. पट्टाच सांगे. बरं वाटलं की हिरवा, त्रास झाला की लाल.

सिस्टर रेशमा चक्रावून गेली होती. "आजी, सुई टोचतानासुद्धा तुमचा पट्टा हिरवा असतो. मग रोज सकाळी याच वेळी आमचं काय चुकतं?"

"काही नाही गं, सगळं छान आहे," म्हणत वृंदाताईंनी डब्यातला शिरा आणखी एक चमचा खाल्ला. पट्टा जास्तच लाल झाला.

शेजारी त्यांचे यजमान हेमंतराव बसले होते. जन्मात कधी चहासुद्धा न केलेला हा माणूस बायकोच्या ऑपरेशनपासून रोज स्वतः शिरा करून आणत होता.

"आजोबा, तुम्ही चाखून बघता का हो?" रेशमाने विचारलं.

"छे! आजारी माणसाला उष्टं कसं द्यायचं?"

रेशमाने चमचा त्यांच्याच हातात दिला. पहिल्याच घासाला कुठे करपलेला, कुठे कच्चा रवा दाताखाली करकरला. हेमंतरावांना तो गिळवेना, थुंकताही येईना. त्यांचा चेहरा बघून वृंदाताई टाके धरून हसायला लागल्या. पट्टा हिरवागार झाला.

"उद्यापासून नाही आणत," हेमंतराव खजील होऊन म्हणाले.

"बरं," वृंदाताई म्हणाल्या.

रेशमा पट्ट्याकडे बघतच राहिली. इतका लाल तो आजवर कधीच झाला नव्हता.