फुकटचा पट्टा

वर राहणाऱ्या थोरल्या जाऊबाईंच्या गुडघ्यावर नवा पट्टा दिसला आणि धाकटीच्या पोटात दुखायला लागलं. दुपारी विमा कंपनीचा म्हणून एक माणूस तसलेच पट्टे घेऊन जिना उतरत आला. "फुकट आहेत ना? मग मला दोन द्या!" म्हणत तिने त्याला विम्याच्या कार्डाचा फोटो खुशाल काढू दिला.

महिन्याभराने मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेली, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, तुमचे दोन्ही गुडघे बदलल्याचं दाखवून कुणीतरी विम्याची सगळी रक्कम उचललीये."

घरी येताच तिने मोठ्या आशेने विचारलं, "जाऊबाई, तुमचंही कार्ड रिकामं झालं असेल ना?"



"माझा पट्टा दुकानातला आहे गं. फुकट द्यायला कार्ड कशाला लागतं, एवढंच विचारलं, तर पळालाच तो जिना उतरून!"