नफ्याचा कोपरा

मांजरांच्या झोपाळ्यांना गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्याने आधी मांजरांना शिव्या घातल्या, मग गिऱ्हाइकांना, आणि शेवटी इंटरनेटला.

बायकोने दारातून डोकावून विचारलं, "किती नग उरलेत?"

"सगळेच. तुला काय करायचंय?"

"काही नाही. कपाट उघडत नाही म्हणून विचारलं."

छापखाना बंद पडून त्याची नोकरी गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. ऑनलाइन धंदा शिकवणाऱ्या एका गुरुजींचा वर्ग त्याने फी भरून केला होता. गुरुजींचा मंत्र एकच: आधी 'नीश' शोधा. म्हणजे बाजारातला असा कोपरा, जिथे गर्दी कमी आणि गिऱ्हाईक पक्कं. तेव्हापासून तो कोपरे शोधत होता आणि घरातले कोपरे खोक्यांनी भरत होते.

पहिला कोपरा डावखुऱ्यांच्या कात्र्यांचा. डावखुरी माणसं पुष्कळ होती, पण सगळी उजव्या कात्रीला सरावलेली निघाली. दुसरा, टक्कल पडलेल्यांसाठी उन्हाच्या टोप्या. माल चांगला होता, पण 'टकलूंचं दुकान' अशा नावाच्या दुकानातून टोपी घ्यायला एकही टकलू पुढे येईना. आणि आता हे झोपाळे.

त्याने हाय खाल्ली की दुसऱ्या दिवशी निरोप हजर: "पडून असलेला माल पाव किमतीत घेऊ. उरलंसुरलं." एवढंच. ना नमस्कार, ना चमत्कार. 'उरलंसुरलं' हे बंद पडणाऱ्या दुकानांचा माल उचलणारं कुठलंसं ऑनलाइन दुकान होतं. त्याने त्याचं नाव 'गिधाड' ठेवलं होतं. त्याचं पान उघडूनही पाहायचं नाही अशी शपथ घेतली होती. तरी दर वेळी नाक मुठीत धरून "चालेल" असं कळवावं लागे.

मग बायको खोकी बांधायची, लेबलं चिकटवायची आणि स्कूटरवर लादून कुरिअरला द्यायला न्यायची. पत्ते, पावत्या असल्या भानगडीत तो पडत नसे. तो मालक होता.

झोपाळेही तसेच गेले. त्याने भिंतीवर चिकटवलेल्या कोपऱ्यांच्या चिठ्ठ्यांतली पुढची काढली आणि जाहीर केलं, "हा शेवटचा. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांसाठी पायाखालच्या गाद्या. महिनाअखेरपर्यंत चालल्या नाहीत, तर मी तुझ्या भावाच्या गोदामात नोकरीला जातो."

मेहुण्याच्या हाताखाली बसायची नुसती कल्पनाही त्याला सहन होत नसे. मेहुणा दर रविवारी यायचा, खोक्यांवर टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "काय दाजी, कुठवर आलं? खुर्ची पुसून ठेवलीय हं तुमची."

गाद्या आल्या. तीनशे. पलंगाखाली, गच्चीच्या जिन्यात, न्हाणीघराच्या दाराशी.

"न्हाव्यांच्या दुकानांत एकदा दाखवून या की," बायको म्हणाली. "दिवसभर उभीच असतात ती माणसं."

"ऑनलाइन धंदा आहे हा! दारोदार फिरायचं तर इंटरनेट कशाला घेतलं? तुला यातलं काही कळत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि फोनमध्ये डोकं घातलं. तिला हल्ली रंगीत गोळ्या फोडायच्या खेळाचा नाद लागला होता. दुपारी ती बहिणीकडे जायची. तिथल्या रिकाम्या गॅरेजात दोघी काहीबाही शिवत बसायच्या. तेवढीच तिची करमणूक, असं तो मनाशी म्हणे.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. दोन गाद्या गेल्या होत्या. एक मावशीने घेतली होती. दुसरी परत आली होती.

दुपारी बारा वाजता त्याने शपथ मोडली आणि उरलंसुरलंचं पान उघडलं.

त्याच्याच कात्र्या तिथे होत्या. 'डावखुऱ्या शिंप्यांसाठी.' खाली लाल अक्षरं: संपलं. त्याच्या टोप्या, 'बागकाम करणाऱ्यांसाठी'. संपलं. मांजरांचे झोपाळे तर 'मुलांची खेळणी टांगायची जाळी' झाले होते. तेही संपलं. खाली गिऱ्हाइकांच्या कौतुकाची रांग लागली होती.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माल त्याचा, मेहनत त्याची, आणि लोणी खाल्लं भलत्याने! ज्या कोपऱ्यासाठी त्याने वर्ष घालवलं, तो गिधाडाला केव्हाच सापडला होता, आणि तो कोपरा म्हणजे तो स्वतःच होता.

"जेवायला या हो," स्वयंपाकघरातून हाक आली.

त्याने ती ऐकलीच नाही. त्याचं डोकं भराभर चालू लागलं होतं. एवढा माल ठेवायला जागा लागते. आणि आपण कधी हात टेकले, हे गिधाडाला दर वेळी दुसऱ्याच दिवशी कसं कळतं? जागा असलेला आणि घरची बित्तंबातमी काढणारा एकच माणूस होता. म्हणून दर रविवारी टिचक्या मारायला येतो होय!

"अहो, पानं वाढलीत!"

"आलो!" तो ओरडला आणि जागचा हलला नाही. त्याने उरलंसुरलंला लिहिलं:

"ओळखलं तुला. तू माझा मेहुणा आहेस. एकीकडे माझा माल पाव किमतीत गिळतोस आणि दुसरीकडे मला नोकरीची भीक घालतोस. तुझ्या गोदामात मी पाऊल ठेवणार नाही. उरलेल्या गाद्या तुला विकण्यापेक्षा जाळून टाकीन."

त्याने निरोप पाठवला आणि हाताची घडी घालून पडद्याकडे पाहत बसला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

मिनिटभराने उत्तर आलं:

"मेहुणा नाही. गाद्या जाळू नका, सगळ्या घेते, न्हाव्यांशी बोलून ठेवलंय. आता जेवायला या, तिसऱ्यांदा सांगतेय."